खाडीत विंडसर्फिंगचा दिवस कसा जमवायचा : वाऱ्याआधी पाणी बघा

तलावावर किंवा समुद्रावर शिकलेले लोक खाडीत पहिल्यांदा येतात ना, म्हणजे भरतीचं पाणी आतपर्यंत शिरतं अशा नदीत, ते सगळे फक्त वारा बघून येतात. मीही तशीच गेले होते. वारा मस्त १४-१५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), नदी लांबच लांब, मी उतरले आणि पहिला अर्धा तास इतका भारी गेला की आपण कुठे चाललोय हे बघायचं सुचलंच नाही. वारा नदीतून समुद्राकडे वाहत होता आणि ओहोटीही लागलेली, म्हणजे दोघंही मला एकाच बाजूला ढकलत होते. परत वळले तर बोर्ड पळतोय, पाणी कापल्याचा आवाज येतोय, पण काठावरचं झाड जिथल्या तिथे. मग किनारा गाठेपर्यंत पाणी इतकं उतरलं की शेवटचा टप्पा गुडघाभर चिखलातून, बोर्ड ढकलत. त्या दिवसापासून मी आधी भरतीची वेळ बघते आणि मग वारा, आणि तेव्हापासून खाडीइतकी मजा मला दुसऱ्या कुठल्याच पाण्यावर आली नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुळात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. खाडीत दोन इंजिनं असतात, एक वारा आणि दुसरं खालचं पाणी. वारा तुमच्या हातात सेलमधून, म्हणजे शिडातून, लगेच कळतो पण पाणी कळत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता आणि ते तुम्हाला घेऊन गुपचूप चाललेलं असतं. दिवस चांगला जाणार की नाही हे या दोघांचं एकमेकांशी कसं जमतंय त्यावर ठरतं.

आधी भरतीचं. बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोन भरत्या दोन ओहोट्या, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे तेवढंच जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सगळं जरा सुस्त. पहिल्यांदा खाडीत जाणाऱ्याने भांगाचेच दिवस धरावेत असं माझं ठाम मत आहे, वारा थोडा कमी असला तरी चालेल.

दुसरं म्हणजे पाणी सहा तास एकाच वेगाने चढत-उतरत नाही. बारा भागांचा एक जुना हिशोब आहे तो पाठ करून ठेवा : पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि शेवटच्या तासात परत १. समजा भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक आहे तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटीमीटर हलणार, दुसऱ्यात ६०, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ९०-९०. म्हणजे ओढ सगळ्यात जास्त असते ती मधल्या दोन तासांत. नदीत हा हिशोब अगदी तंतोतंत बसत नाही, जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, भरायला कमी वेळ आणि ओसरायला जास्त वेळ लागतो, आणि वर पाऊस झालेला असेल तर ओहोटीला नदीचं स्वतःचं पाणीही येऊन मिळतं. आणखी एक, भरतीच्या टेबलमध्ये लिहिलेली वेळ ही पाणी सगळ्यात उंच असण्याची असते, प्रवाह थांबण्याची नाही. दोन्हीत बराच फरक पडू शकतो. त्यामुळे टेबल हे अंदाजासाठी, खरं काय ते काठावर उभं राहून बघायचं.

कसं बघायचं ते सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. पोचल्यावर सेल उघडायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पाण्यात एखादा बोया (तळाला बांधलेली तरंगती खूण) असेलच, त्याच्याकडे नीट बघा. प्रवाह असेल तर बोया एका बाजूला कललेला असतो, प्रवाहाकडच्या अंगाला पाणी थोडं फुगून चढलेलं आणि दुसऱ्या अंगाला शेपटीसारखी खळबळ, बोटीमागे उठते ना अगदी तशीच, म्हणजे बोयाच चालत असल्यासारखा वाटतो. शेपटी लांब आणि बोया चांगलाच झुकलेला, म्हणजे ओढ जोरात. शेपटी गायब, बोया सरळ उभा आणि आजूबाजूचा पालापाचोळा जागच्या जागी गोल फिरतोय म्हणजे पाणी ठेपलंय, आता थोड्या वेळात उलटं फिरणार. नांगरलेल्या होड्यांवरूनही कळतं, सगळ्या होड्यांची नाकं प्रवाहाकडे असतात, काहींची वाऱ्याकडे आणि काहींची प्रवाहाकडे असा गोंधळ दिसला तर दोघांची ताकद सारखी आहे किंवा पाणी फिरायला लागलंय. आणि एक तुकडा लाकूड टाकून बघा. एका सेकंदाला साधारण एक मीटर गेलं तर तो २ नॉटचा प्रवाह झाला. ऐकायला कमी वाटतं पण हिशोब करा, पडल्यावर सेल वर ओढून परत चालू पडायला ४० सेकंद लागले तर तेवढ्यात तुम्ही ४० मीटर वाहून गेलात, दहा वेळा पडलात तर ४०० मीटर. नवीन माणूस दहा वेळा पडतोच.

आता वारा आणि पाणी एकत्र. हे मला सगळ्यात आवडतं.

समजा वारा १२ नॉट आहे. पाणी थांबलेलं असताना तुमच्या सेलला १२ च मिळणार. पाणी वाऱ्याच्या दिशेनेच २ नॉटने चाललंय तर तुम्ही वाऱ्यापासून पळताय, म्हणजे सेलला मिळाला १०. आणि पाणी वाऱ्याच्या विरुद्ध २ नॉटने येतंय तर मिळाला १४. आता वाऱ्याचा जोर हा वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चा वर्ग १००, १४ चा वर्ग १९६. म्हणजे वारा तोच, सेल तोच, माणूस तोच, आणि भरतीची ओहोटी झाली की हातातली ओढ जवळपास दुप्पट! सकाळी आरामात चालणारा सेल दुपारी हातातून निसटायला लागला की लोक म्हणतात वारा वाढला, पण बरेचदा वारा तेवढाच असतो, पाणी फिरलेलं असतं.

आणि विरुद्ध प्रवाहाचा खरा फायदा तर पुढेच आहे. पाणी तुम्हाला सतत वाऱ्याच्या तोंडाकडे घेऊन जातं, फुकटात. एरवी विंडसर्फिंग शिकताना सगळ्यात मोठं दुखणं काय असतं, तर दर फेरीला आपण थोडं थोडं वाऱ्याखाली घसरतो आणि शेवटी बोर्ड खांद्यावर घेऊन काठाकाठाने चालत परत यावं लागतं. इथे पडलात तरी पाणी तुम्हाला वर नेऊन ठेवतं. अमेरिकेत कोलंबिया नदीची घळ आहे, हूड रिव्हर गाव वगैरे, जगभरातले विंडसर्फर तिथे जातात त्यामागे हेही एक कारण आहे, नदी पश्चिमेला वाहते आणि उन्हाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो, दोघं समोरासमोर. त्या भागात भरती पोचत नाही, त्यामुळे तिथे हे जमून आलेलं असतं. खाडीत तुम्हाला ते रोज वेळ बघून जमवावं लागतं.

मग दिवस कसा आखायचा. वारा समुद्राकडून आत येतोय असं धरू, दुपारी बहुतेक किनाऱ्यांवर असाच असतो. अशा वेळी मला आवडणारा दिवस म्हणजे भरती बरोबर मध्यावर येईल असा. समजा पूर्ण भरती २ वाजता आहे, तर मी साडेबाराला पाण्यात. तेव्हा भरतीचं पाणी आत येतंय, मधला जोर संपत आलाय, चिखल आणि वाळूचे दांडे पाण्याखाली गेलेत, आणि मुख्य म्हणजे काही बिघडलं तर वारा आणि पाणी दोघंही नदीच्या आतल्या बाजूला नेणार, समुद्राकडे नाही. या पहिल्या तासात वाऱ्याच्या वर, म्हणजे मुखाच्या दिशेला जरा जरा चढत राहायचं, हे थोडं कष्टाचं असतं कारण दोघंही तुम्हाला मागे ढकलतात, पण मग परत येणं सोपं राहतं. डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधोमध खाली सोडायचं पातं) असलेला बोर्ड असेल तर तो पूर्ण खाली सोडा, खूप फरक पडतो.

मग दोनच्या आसपास पाणी ठेपतं. ती वीस-तीस मिनिटं सोन्यासारखी. जे काही शिकायचंय ते तेव्हा : टॅक (वाऱ्याच्या तोंडाकडून वळणं), जाइब (वाऱ्याकडे पाठ करून वळणं), वॉटरस्टार्ट (पाण्यात पडलेलं असताना सेलच्या ओढीनेच बोर्डवर उभं राहणं), हार्नेसमध्ये (सेलची ओढ अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) पहिल्यांदा अडकवून बघणं. कारण पडलात तरी तिथेच असता.

नंतर ओहोटी लागली की समोरून वारा आणि खालून विरुद्ध पाणी. लाटा छोट्या पण उभ्या आणि जवळजवळ होतात, सेल भरून येतो, बोर्ड प्लेनिंगवर येतो (पाणी कापायच्या ऐवजी पाण्यावरून घसरत पळतो) आणि काहीही न करता तुम्ही वाऱ्यावर चढत जाता. हीच ती दोन तासांची मेजवानी! पण इथे एक अट आहे आणि ती मी स्वतःसाठीही मोडत नाही. ज्याला वॉटरस्टार्ट किंवा निदान पटकन सेल उचलून चालू पडणं येत नाही त्याने ओहोटीचा पहिला अर्धा तास झाला की बाहेर यायचं. ज्यांना हे येतं त्यांनीही तिसरा तास लागायच्या आत बाहेर. कारण आता बूम (सेल धरायचा आडवा दांडा) तुटला किंवा वारा अचानक पडला तर पाणी तुम्हाला मुखाकडे नेणार, आणि मुखाशी वारा आणि ओहोटी समोरासमोर भिडतात तिथे लाटा फुटतात, ती जागा विंडसर्फरची नाही.

वारा उलटा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे असेल तर गणित पूर्ण बदलतं. अशा दिवशी विरुद्ध प्रवाह भरतीत मिळतो, म्हणजे मजा भरतीतच, आणि पूर्ण भरतीच्या आधी बाहेर. ओहोटी लागली की वारा-पाणी दोघंही समुद्राकडे. माझं झालं ते हेच. अशा दिवशी "अजून एक फेरी" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. नदीला आडवा वारा असेल तर सगळ्यात सोपं, या काठावरून त्या काठावर आणि परत, फक्त ज्या काठावरून वारा येतोय तिथे झाडी किंवा उंच कडा असेल तर त्याच्या आड वारा मेलेला असतो, झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सुद्धा त्याचा त्रास जाणवतो. त्या पट्ट्यात शिरून उभे राहिलात की सेल पडतो आणि पाणी मात्र नेत राहतं.

पाण्यात असताना सारखं करायचं काम एकच, दोन खुणा धरा. काठावरचा एखादा खांब आणि त्याच्या मागचं एखादं झाड किंवा टेकडीचं टोक, दोन्ही एका रेषेत येतील अशी जागा लक्षात ठेवा, दर फेरीला त्या रेषेवरूनच वळायचा प्रयत्न करा. झाड खांबाच्या डावीकडे सरकलं म्हणजे तुम्ही डावीकडे वाहिलात, उजवीकडे सरकलं तर उजवीकडे. पाण्याकडे बघून हे कधीच कळत नाही. तीन फेऱ्या सलग रेष सुटली आणि परत पकडता आली नाही, तर तिथेच थांबून काठाकडे निघायचं.

प्रवाह सगळीकडे सारखा नसतो हेही वापरून घ्या. मधल्या खोल भागात आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला जोर जास्त, काठालगतच्या उथळ पाण्यात आणि वळणाच्या आतल्या अंगाला कमी. पाणी फिरतं तेही आधी काठाला आणि मग मध्ये. म्हणजे प्रवाहाविरुद्ध जायचंय तर काठ धरा, प्रवाहाबरोबर जायचंय तर मधला भाग. पण मधला भाग म्हणजेच बोटींचा रस्ता, तेव्हा तिथे रेंगाळायचं नाही, काटकोनात सरळ पार करायचं आणि मोठी बोट दिसली की थांबून जाऊ द्यायचं, ती तुमच्यासाठी वळू शकत नाही आणि तिच्या आड आलात तर वाराही जातो.

आणि हे मात्र दोनदा वाचा. नांगरलेल्या होड्या, पुलाचे खांब, जेट्टीचे खांब, जाळ्यांचे दोर, यांच्या प्रवाहाकडच्या बाजूला कधीही पडू नका. म्हणजे पाणी तुम्हाला त्यांच्यावर नेऊन आपटेल अशा जागी. २ नॉटचं पाणी सेल आणि माणसाला खांबाला असं दाबून धरतं की सुटता येत नाही. जायचंच असेल तर मागून जा, भरपूर अंतर ठेवून. पुलाखाली वारा लटपटतो आणि पाणी वेगात जातं, दोन्ही वाईट एकाच जागी, त्यामुळे मी पुलापर्यंत जातच नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. नवीन माणसाला १६०-२०० लिटरचा रुंद बोर्ड, सरावलेल्याला वजनाच्या किलोत ३०-४० मिळवून जितके लिटर होतील तितका. नदीचं पाणी कमी खारं असतं त्यामुळे बोर्ड समुद्रापेक्षा किंचित जास्त बुडतो, १२० लिटरच्या बोर्डाला पूर्ण गोड्या पाण्यात साधारण ३ किलो कमी उचल मिळते, म्हणून दोन आकारांमध्ये अडलात तर मोठा घ्या. फिन (बोर्डाच्या मागच्या टोकाखालचं पातं) आखूड घ्या, आणि शेवाळं-गवत असेल तर मागे झुकलेला, त्याच्यावर काही अडकून राहत नाही. लांब फिन वाळूच्या दांड्यावर टेकला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. सेल ओहोटीत राहायचा बेत असेल तर अर्धा चौरस मीटर लहान लावा, कारण वर सांगितलेला दुप्पट जोर.

सेल लावताना लोक आउटहॉल (सेल बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारा दोर) खेचत बसतात आणि डाउनहॉल (सेल खाली ताणणारा दोर) सैल सोडतात, नेमकं उलटं करायचं. खालचा दोर ओढत राहा, ओढत राहा, वर बघत राहा, सेलच्या मागच्या काठाला वरच्या दोन काड्यांच्या मधला कापडाचा भाग ढिला पडून बोटाने सहज हलायला लागला की पुरे. मग आउटहॉल फक्त थोडासा. असा सेल झुळूक आली की वरून उघडतो आणि जादा वारा सोडून देतो, आणि नदीत वारा सतत झुळकांतच येतो. बूम खांदा ते हनुवटीच्या मध्ये.

अंगावर तरंगणारं जॅकेट, हेल्मेट, जाड तळव्याचे बूट कारण चिखलात शिंपले असतात आणि ते पाय कापतात. शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, त्यात तिथल्या बचाव पथकाचा नंबर, आणि काठावर एक माणूस ज्याला तुमची परत यायची वेळ माहीत आहे.

काही मोडलंच तर पहिला नियम, बोर्ड सोडायचा नाही. प्रवाहाविरुद्ध हातांनी वल्हवायचा प्रयत्न फुकट जातो, नुसतं दमायला होतं. प्रवाहाला आडवं, जवळच्या काठाकडे वल्हवा, खाली कितीही वाहत गेलात तरी चालेल, काठ महत्त्वाचा, गाडी कुठे आहे ते नंतर. सेल पाण्यात आडवा पडून राहिला तर पाण्याबरोबर नांगरासारखा ओढतो, म्हणून गुंडाळून बोर्डवर घ्या, अगदीच जमत नसेल तर सेल सोडून द्या. मदत हवी तर दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करा, ही खूण सगळीकडे समजते. चिखलाला लागलात तर उभं राहून चालू नका, बोर्डवर पोटावर पडा आणि हातापायांनी ढकलत सरका. पाय रुतला तर जोर लावून उपसायचा नाही, बोर्डवर वजन टाकून हळूहळू हलवत काढायचा.

जोराचा पाऊस झाला असेल तर एक-दोन दिवस जाऊच नका, ओंडके येतात, पाणी घाण असतं आणि ओहोटी भलतीच जोरात.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. हे सगळं नवीन वाटेल पण विंडसर्फिंग आणि खाडीचं नातं फार जुनं आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये हेलिंग बेटाजवळच्या अशाच आत शिरलेल्या पाण्यावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने स्वतः बनवलेल्या फळीवर शीड लावून उभ्याने चालवलं होतं, पुढे 'विंडसर्फर' या बोर्डाच्या पेटंटवरून इंग्लंडच्या कोर्टात भांडण झालं तेव्हा या मुलाच्या फळीचा दाखला कामी आला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

बाहेर आल्यावर सामान गोड्या पाण्याने धुवा, आणि मास्टचा (सेलच्या उभ्या दांड्याचा) खालचा सांधा वेगळा काढून धुवा. खाडीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, पिनच्या भोवती जाऊन बसतो, वाळला की सिमेंट, मग पुढच्या वेळी बटण दाबलंच जात नाही. मास्टचे दोन तुकडेही त्याच दिवशी वेगळे करा, आत वाळू राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन माणसं लागतात. फिनची खोबण जुन्या ब्रशने.

आणि फोनमध्ये लगेच चार ओळी टाका : भरती किती वाजता होती, पाणी खरंच किती वाजता फिरलं, वारा कुठून किती, कुठला सेल लावला. तुमच्या खाडीचं टेबल आणि खरं पाणी यातला फरक आठ-दहा नोंदींतच उमगायला लागतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज २ ला होती तर उद्या तीनला दहा कमी, तेव्हा उद्या जायचं असेल तर साडेबाराऐवजी सव्वा-दीडला उतरा.